दावं

आमच्या गोठ्यात आता गुरं नाहीत. शेवटची गाय गेली त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. गव्हाणीत दोन मोडक्या सायकली, खताच्या रिकाम्या गोण्या, एक फुटका माठ असा पसारा पडलेला होता. खुंटीला मात्र एक दावं अजून लटकत होतं. काथ्याचं, हाताच्या घामाने आणि गोठ्याच्या धुरीने काळं झालेलं.

२ जून २०२० च्या संध्याकाळी थोरले काका त्या रिकाम्या गोठ्याकडे गेले. दाराचा अडसर काढला, दोन्ही फळ्या पार मागे नेल्या आणि त्या हलू नयेत म्हणून त्यांना दगड लावले. दुसऱ्या दिवशी दुपारी चक्रीवादळ येणार होतं. पोलिसांची गाडी भोंगा लावून दोनदा फिरून गेली होती. गावभर दारं-खिडक्या बंद करायची धांदल चाललेली आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा माणूस दार उघडत होता.

"काका, आत सोडायला आहे काय?"

"काही नाही. आई सांगायची, वादळाच्या आदल्या दिवशी गोठा मोकळा करायचा."

काकांची आई म्हणजे माझी आजी.

दिवेआगर आणि श्रीवर्धन यांच्या मध्ये आमचा गाव. एका बाजूला समुद्र, एका बाजूला डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत नारळ-पोफळीच्या वाड्या. मी पुण्याला नोकरीला. त्या वर्षी शिमग्याला म्हणून आलो, चार दिवस जास्त राहिलो आणि टाळेबंदीत अडकलो तो अडकलोच. त्यामुळे लहानपणी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून ज्या वादळाच्या गोष्टी ऐकल्या, तसलं एक वादळ माझ्या वाट्याला आलं. नाहीतर मी ते टीव्हीवर पाहिलं असतं.

आजीचं वादळ १९४८ चं. ती साल सांगत नसे. "गांधी गेले त्या वर्षीची त्रिपुरी झाली, त्याच्या पुढचा आठवडा," असं सांगे. मी पुढे पडताळून पाहिलं. ते वादळ नोव्हेंबरच्या २१-२२ तारखेचं, मुंबईजवळ किनाऱ्यावर आलेलं. त्रिपुरी पौर्णिमा त्याआधी सहाच दिवस झालेली. आजीच्या पंचांगात चूक नव्हती. आमचा गाव त्या वादळाच्या कडेला होता. त्या कडेनेच गावाची निम्मी छपरं नेली.

भात कापून झालेलं, उडव्या रचलेल्या, झोडणी चालू. कार्तिकातल्या सकाळी डोंगराकडून मतलई वाहते आणि दुपार झाली की वारा फिरून समुद्राकडून यायला लागतो. बायकांची कामं त्या वाऱ्यावर बेतलेली असत. भात वारवायचं असेल तर उभं कुठल्या तोंडाने राहायचं, हे त्यावर ठरे. "त्या दिवशी मी सूप घेऊन उभी राहिले," आजी सांगे, "ऊन डोक्यावर आलं, कलंडलं, तरी वारा पाठीवरच. मतलई फिरलीच नाही. सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, भात घरात घ्या."

तिच्या सासूने ते कुठून शिकलं, ते आजीला ठाऊक नव्हतं. आज मी नकाशा काढून समजावू शकतो. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाभोवतीचा वारा घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो. म्हणून वादळ समुद्रात, किनाऱ्यापासून दूर असतानाच त्याच्या पुढच्या बाजूचा वारा आपल्याकडे जमिनीवरून, डोंगराकडून येतो आणि तसाच येत राहतो. घराची पाठ समुद्राकडे, पश्चिमेला झापांच्या भक्कम झडी, कारण चार महिने मारा तिकडून. वादळाचा पहिला तडाखा मात्र बसतो तो पुढच्या अंगाला, जिथे पडवी उघडी असते.

मग त्या घराने काय केलं, याची यादी आजी बोटांवर मोजून सांगायची. उतरंड मोडून मडकी जमिनीवर घेतली. मीठ आणि काड्यापेटी चिनी मातीच्या बरणीत घालून तोंड मेणकापडाने बांधलं. विहिरीवरच्या रहाटाची माळ उतरवली. आजोबांनी आढ्यावरून पाच सुंभ टाकले. त्यांची टोकं एकीकडे फणसाला, दुसरीकडे बांधायला झाड नाही म्हणून जात्याला आणि पाट्याला. "छपराला जातं बांधलं," आजी हसायची, "आणि पोरांना तीन दिवस पेज." छप्पर नळ्यांचं होतं. चौथाई नळे उडाले, वासे राहिले.

या यादीत शेवटचं काम गोठ्याचं. बाकी सगळं बांधून झालं तेव्हा तिच्या सासूने कंदील घेऊन गोठ्यात जाऊन गुरांची दावी सोडली. आजीला ते वेडेपणाचं वाटलं. अशा रात्री गुरं बाहेर? शेजारच्या घरात त्यांनी गुरं नीट, दुहेरी गाठ मारून बांधली होती. मध्यरात्री त्यांचा गोठा बसला. तिसऱ्या दिवशी आमची गाय डोंगराच्या उतारावर, एका खडकाच्या आडोशाला रवंथ करत उभी सापडली. गळ्यात दाव्याचा तुकडासुद्धा नव्हता.

"बांधा म्हणून सगळा गाव सांगतो," आजी म्हणायची. "सोडायचं काय, ते कोणी सांगत नाही."

तिच्या गोष्टीत दोन वर्षं एकमेकांत मिसळून जात. १९४८ सांगता सांगता ती मध्येच 'रामदास'वर यायची. १७ जुलै १९४७ ची सकाळ, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, दुसऱ्या दिवशीची अवस घरी करायची म्हणून गावाकडे निघालेली माणसं आणि काशाच्या खडकाजवळ अर्ध्या-पाऊण तासात बुडालेली सहाशेहून जास्त माणसं. ते चक्रीवादळ नव्हतं. आषाढातला खवळलेला समुद्र आणि जड झालेली बोट. पण किनाऱ्यावरच्या बायकांच्या आठवणीत ते एकाच चुलीवरचे दोन निखारे. बोटीवर वायरलेस नव्हती, आणि मुंबईला कळायला दुपार टळून गेली. रेवसच्या कोळ्यांनी होड्या घालून मिळतील तेवढी माणसं काढली. आजी त्या कोळ्यांसाठी हात जोडायची. आमच्या कोळीवाड्यातलं कोणी दारात आलं की त्यांनाही हा नमस्कार फुकटात मिळे.

कोळीवाड्यातले तांडेल काकांचे दोस्त. सगळा गाव त्यांना तांडेलच म्हणे. संध्याकाळी आमच्या ओटीवर येऊन बसत आणि काकांच्या पानाच्या डब्यातली सुपारी संपवत. आजीचं वादळ घराचं, तांडेलांचं दर्याचं. पण गंमत अशी, की दोघांचा सल्ला एकच निघे.

"वादळात होडी घट्ट बांधतो तो येडा," ते म्हणत. "नांगराला दोर लांब दे. दर्या वर आला का होडीनं वर आलं पाहिजे. आखडून धरलीस तर दर्या तिला खालीच ठेवतो."

मोठ्या बंदरांवर वादळाचे बावटे लागत, ते त्यांना पाठ होते. पश्चिम किनाऱ्यावर ही व्यवस्था १८८० मध्ये सुरू झाली. त्या पहिल्या बंदरांत मुंबईबरोबर आपली रत्नागिरी आणि वेंगुर्लाही होती. दिवसा काठीवर शंकू आणि नळकांडी चढवायची, रात्री लाल-पांढरे दिवे. एक ते अकरा नंबर. एक नंबर म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे. तीन नंबर म्हणजे बंदरालाच जोराचा वारा लागणार, सावध राहा. आठ, नऊ, दहा म्हणजे मोठा धोका. मी एकदा विचारलं, दहाच्या पुढे आणखी अकरा कशाला?

"अकरा म्हणजे वेधशाळेशी बोलणं तुटलं. बंदरातल्या सायबाला वाटतंय, वादळ येतंय. सांगणारा कोण नाय." तांडेलांनी सुपारी गालात फिरवली. "खरा बावटा तोच. बाकीचे आपले कागदाचे."

नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' आलं तेव्हा तांडेल थकले होते, मुलगा बोटीवर होता. ११ तारखेच्या दुपारी ते वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या मध्ये किनाऱ्यावर आलं. खिशात मोबाइल सगळ्यांच्या होते, पण किनारा थोडा मागे पडला की त्यांचा दगड होई. तांडेल रात्रभर जेट्टीवर बसून राहिले. मुलगा पहाटे आला. काही घरांतली मुलं आली नाहीत. त्यानंतर तांडेलांनी आमच्या ओटीवर फयानची गोष्ट एकदाही सांगितली नाही.

सांगत ते आपल्या आज्याची. मचवा एका खाडीच्या तोंडाशी, शीड फाटलेलं, रात्रभर मार. मग अचानक वारा बंद. आभाळ उघडलं, चांदणं पडलं. दोघं खलाशी शीड आवरायला उठले. "गप झाला ना, का लोक उठतात. आवाज करतो तवर माणूस खाली बसून असतो." वारा उलट्या बाजूने आला. दोघं परत दिसले नाहीत. कुठल्या सालची गोष्ट म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "साल आज्याला तरी कुठं ठावं होतं."

तांडेल २०१६ साली गेले. आजी त्याच्या दहा वर्षं आधी.

त्यांची वादळं कार्तिकातली, पाऊस सरल्यावरची. जूनमधलं वादळ आमच्या गोष्टींत नव्हतं. १८९१ पासूनच्या नोंदींत जून महिन्यात असं वादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आलेलं नाही, असं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. बंगालच्या उपसागरात चार वादळं होतात तेव्हा अरबी समुद्रात एखादं, आणि तेही बहुधा ओमानकडे किंवा गुजरातकडे जातं. २०२० च्या या वादळाला 'निसर्ग' हे नाव बांगलादेशाने दिलेलं. तेरा देशांनी मिळून केलेल्या नव्या यादीतलं पहिलंच नाव.

जूनची सोय एवढीच, की आगोटची तयारी झालेली होती. मिरग चार दिवसांवर. कौलं चाळून झाली होती, सरपण पडवीत रचलं होतं, तांदूळ, कुळीथ, आमसुलं, सुकट भरून झालं होतं. करोनामुळे मुंबईहून आलेले चाकरमानी शाळेत चौदा दिवसांसाठी ठेवलेले. आता किनाऱ्यालगतच्या घरांतली माणसं न्यायची तर तीच शाळा. सहा फुटांचं अंतर त्या रात्री पडलं ते पडलंच.

काकूचा निर्जला एकादशीचा उपास होता. तिने देवघरातले देव उतरवले, एकेक फडक्यात गुंडाळला आणि तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. वर तांदूळ ओतले. बाळकृष्णाचं डोकं वर राहिलं, म्हणून आणखी दोन मापटी ओतली. मी बघतोय हे पाहून म्हणाली, "काय बघतोस? घर पडलं तर डबा शोधायचा. दोन्ही एकातच सापडतील."

काका कॅलेंडरसमोर उभे राहून हिशेब करत होते. "उद्या द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ." तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. थोडं मागेपुढे होतं एवढंच. "सकाळी नऊ-दहाला पाणी भरेल. ते दुपारी यायचं म्हणतायत ना? मग येईल तेव्हा पाणी उतरत असेल. वाडीत खारं शिरायचं नाही." उपग्रहाची चित्रं मी फोनवर दाखवत होतो, तीही बरोबर होती. वाऱ्याचा वेग, किनाऱ्यावर यायची वेळ, सगळं वेधशाळेने बरोबर सांगितलं. वाडीत खारं शिरेल की नाही, हे काकांनी सांगितलं. तेही बरोबर निघालं.

३ जूनला सकाळी वारा डोंगराकडून. अकरापासून माड वाकायला लागले. बाराच्या आधी फोन गेला. अकरा नंबर, मी मनात म्हटलं. आम्ही पाच जणं माजघरात, जिथे दोन्हीकडे जाड मातीच्या भिंती आहेत, तिथे बसलो. वाऱ्याचा असा एक आवाज नव्हताच. कौलं सरकल्याचा खरखराट, कुणाचा तरी पत्रा फरफटत गेल्याचा, आणि या सगळ्याच्या आत, वाडीतून, ओल्या बांबूवर कोयता बसावा तसा. एक. मग थांबून दोन. मग मोजता येईनात इतके. काकांनी डोळे मिटले होते. त्यांच्या ओठांची हालचाल पाहून मला वाटलं जप चाललाय. नंतर कळलं, ते पोफळी मोजत होते. साठपर्यंत मोजल्या, मग सोडून दिल्या.

दीडच्या सुमाराला सगळं थांबलं.

पाऊससुद्धा. पागोळ्यांचं ठिबकणं ऐकू यायला लागलं. एक कावळा ओरडला. खिडकीच्या फटीतून पिवळसर उजेड आला. काका उठले, पंचा खांद्यावर टाकला. "बघून येतो, काय राहिलंय." दाराच्या कडीला हात घातला आणि मी त्यांचं मनगट धरलं.

आमच्याकडे थोरल्यांचा हात असा धरायची रीत नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"तांडेल काय सांगायचे?" मी म्हटलं.

ते कडीला हात लावून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग जिथून उठले होते तिथे येऊन बसले. मी मात्र मनगट सोडलं नाही. दहा मिनिटं असतील, पंधरा असतील. मग समुद्राकडून जे आलं, त्याने पश्चिमेच्या झडी, स्वयंपाकघराचं छप्पर आणि सकाळपासून डोंगरवाऱ्याने समुद्राकडे वाकवून ठेवलेली झाडं एका झटक्यात उलटी फिरवली. जी पहिल्या वाऱ्याने मोडली नव्हती, ती दुसऱ्याने पिळवटून मोडली.

आमची वाडी अठरा गुंठ्यांची. अडीचशे पोफळी आणि चाळीस माड. संध्याकाळी उभ्या होत्या एकोणीस पोफळी आणि अकरा माड. आतापर्यंत घराच्या मागच्या दारातून समुद्र कधी दिसला नव्हता, नुसता ऐकू यायचा. त्या संध्याकाळी तो दिसला.

आठ दिवसांनी आमचा पाडेली आला. पोफळीवर एकदा चढला की तो सहसा खाली उतरत नसे. शेंड्यावर बसून झोका घ्यायचा, झाड वाकवायचं, पुढच्या पोफळीचा शेंडा हाताने धरायचा आणि तिकडे जायचं. अशी आख्खी ओळ तो जमिनीला पाय न लावता करायचा. लहानपणी आम्ही खालून घड आणि विऱ्या गोळा करत त्याच्याबरोबर पळायचो. तो वाडीत उभा राहून वर बघत होता. उरलेल्या एकोणीस पोफळींत एकीच्या झोक्यात दुसरी येईल, अशी जोडी नव्हती. "आता परत्येकीवर चढायचं, परत्येकीवरून उतरायचं," तो म्हणाला आणि बिडी पेटवली.

वीज यायला महिन्याहून जास्त दिवस लागले. फोन नाहीत, म्हणून एक मुलगा रस्ता मोकळा झाल्यावर मोटरसायकलने माणगावकडे रेंज मिळेल तिथवर जायचा. त्याच्या वहीत घराघराचे नंबर आणि प्रत्येकापुढे एक ओळ. 'छप्पर गेलं, माणसं बरी.' 'आई बरी, काळजी नको.' 'म्हैस सापडली.' मदतीचा हिशेब आधी हेक्टरी ५० हजार असा आला. आमच्याकडे हेक्टरात वाडी कोण मोजतं? काकांनी पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला. गुंठ्याला पाचशे, अठरा गुंठ्यांचे नऊ हजार. मोडलेली झाडं तोडून, ओढून बाहेर काढायलाच त्याहून जास्त लागले. पुढे ओरड झाल्यावर झाडागणिक मोजणीचा निर्णय झाला. पण आज लावलेली पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, ते कुठल्या रकान्यात घालणार?

काकांनी लगेच काही लावलं नाही. पावसाळाभर वाडीत गेलेच नाहीत. दिवाळीनंतर एक दिवस उरलेल्या एकोणीसांपैकी एका जुन्या पोफळीची पिकलेली सुपारी त्यांनी बियाण्याला काढून ठेवली. ही श्रीवर्धनी रोठा, पांढऱ्या मोठ्या गराची. काकांच्या आजोबांनी लावलेल्या झाडाची. मला वाटलं, अंगणात रुजत घालतील.

पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा गावी होतो. १५ मे २०२१ ला मोबाइलवर पुन्हा लाल खूण आली. या वेळी 'तौक्ते', म्यानमारने दिलेलं नाव. पाल असा त्याचा अर्थ सांगतात. ते आमच्या समोरून, समुद्रातून गुजरातकडे जाणार होतं. भोंगा फिरला. काकूने तांदळाचा डबा ओढला. मी आढ्यावरून दोर टाकले, काकांनी खाली उभं राहून गाठी तपासल्या. कॅलेंडरसमोर जाऊन मीच तिथीची पाऊणपट केली. चुकली, काकांनी दुरुस्त केली.

मग मला गोठा आठवला. कोणी न सांगता मी तिकडे गेलो, अडसर काढला आणि फळी मागे ढकलली.

"अरे, अरे, बंद कर ते!" काका अंगणातून ओरडले. "उघडतोस काय?"

"आजी सांगायची ना..."

"आत बघ आधी."

गव्हाणीतल्या सायकली गेल्या होत्या. तिथे काळ्या पिशव्यांमधून वीतभर उंचीची रोपं ओळीने ठेवलेली होती, प्रत्येकीला दोन-दोन पानं. जमीन ओली होती. खुंटीवरचं दावंही जागेवर नव्हतं. दाराचं एक बिजागर निखळलं होतं, ती फळी त्याच दाव्याने चौकटीला आवळून बांधली होती. गाठ दुहेरी.